सिनेमातील मारहाण मला पाहवत नाही. मी कमकुवत आहे का?

राळेगाव तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका खेड्यातून चोवीस वर्षांच्या शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्याचा गोषवारा असा :

"आमची कापूस आणि तुरीची शेती आहे. दिवाळीनंतर गावातील मित्रांसोबत यवतमाळला सिनेमा पाहायला गेलो. मोठ्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगाही सोबत होता. सिनेमा 'ए' प्रमाणपत्राचा होता, हे नंतर कळले. त्यात एका माणसाला खांबाला बांधून बराच वेळ मारताना दाखवले आहे. ते पाहताना मला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी उठून बाहेर गेलो. मध्यंतरानंतर पुन्हा आत बसलो, तर एका पात्राचा मृत्यू असा दाखवला की मला माझे काका आठवले. अडीच वर्षांपूर्वी काकांनी आत्महत्या केली. त्या सिनेमापासून मित्र चिडवतात, 'पिक्चरच तं आहे बे, त्यात भ्याचं काय?' नवल असे की रानडुकराने फाडलेल्या बैलाला डॉक्टर टाके घालतात तेव्हा त्याची मान मीच धरून बसतो. अडलेल्या गाईचे वासरू मीच ओढून काढतो. तेव्हा मला काही होत नाही. सिनेमातील ती दृश्ये मात्र रात्री डोळ्यांपुढे येतात. मी मन घट्ट कसे करू? सिनेमा पाहणेच सोडून द्यावे का? उन्हाळ्यात माझे लग्न आहे. होणाऱ्या पत्नीला सिनेमाची फार आवड आहे. तिला हे सांगावे की लपवावे?"

नमस्कार.

मन घट्ट कसे करावे असे तुम्ही विचारता. पण फाडलेल्या बैलाची मान टाके पडेपर्यंत धरून बसणारा माणूस कमकुवत मनाचा असू शकत नाही. तुम्ही ही गोष्ट नवल म्हणून लिहिली आहे आणि मला मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच दिसते. गोठ्यात तुमच्या हाताला काम असते. बैल हंबरतो, तडफडतो, तुमचा जीवही कासावीस होतो, पण त्या कासाविशीला जाण्यासाठी वाट असते : मान दाबून धरायची, पाणी आणायचे, माश्या हाकलायच्या, डॉक्टरांना हवे ते द्यायचे. चित्रपटगृहात तुमच्यासमोर माणसाला बांधून मारले जाते, तुमचे शरीर धावून जायला तयार होते, आणि धावून जायला तेथे काहीच नसते. मारणाऱ्याचा हात धरता येत नाही, दोर सोडता येत नाही, 'पुरे' म्हणता येत नाही. ज्याला दुसऱ्याच्या दुखण्याला हात लावायची सवय आहे, त्याला नुसते पाहत बसणे इतरांपेक्षा जड जावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

त्यातच सिनेमा ते दुखणे आहे तेवढे ठेवत नाही. प्रत्यक्षात क्षणात होऊन जाणारी गोष्ट पडद्यावर मिनिटभर ताणली जाते, चेहरा हातभर अंतरावरून दाखवला जातो, आणि आवाज तर पूर्णपणे घडवलेला असतो. हाड मोडल्याचा जो आवाज तुम्ही ऐकलात, तो बहुधा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एखादा कडक, रसरशीत भाजीचा दांडा मायक्रोफोनजवळ मोडून तयार केलेला असतो, आणि रक्त म्हणजे साखरेचा घट्ट पाक आणि रंग. हे माहीत असल्याने थोडी मदत होते. ती पुरेशी होत नाही, कारण आपले शरीर पाक आणि रक्त यांतला फरक विचारून मग घाबरत नाही.

अंधारी येण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्यामुळेच तुम्ही स्वतःला भित्रा ठरवले आहे असे दिसते. साध्या भीतीत नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. रक्त किंवा जखम पाहून काही लोकांना जे होते ते निराळे असते : आधी नाडी वाढते आणि मग रक्तदाब एकदम खाली येतो, मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते, घाम फुटतो, कानात गुंजते आणि अंधारी येते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिचा धैर्याशी संबंध नाही. अनेकदा ती घराण्यात चालत आलेली असते, त्यामुळे आई-वडिलांना किंवा आत्यांना विचारून पाहा. बैल धरताना तुम्हाला ती का येत नाही, याचेही एक कारण कदाचित येथेच आहे. जोर लावलेला असताना हातापायांचे स्नायू ताणलेले असतात आणि ताणलेले स्नायू रक्तदाब टिकवून धरतात. खुर्चीत सैल बसलेल्या माणसाला तो आधार नसतो.

या माहितीवरच एक उपाय उभा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरान ओस्ट यांनी तो १९८० च्या दशकात मांडला आणि आजही तो शिकवला जातो. बसल्या जागी दोन्ही मुठी, दंड, पोटऱ्या आणि पोट घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत म्हणजे दहा-पंधरा सेकंद तसेच धरायचे, मग नेहमीच्या बसण्याइतके सैल करायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि पुन्हा आवळायचे. असे पाच वेळा करायचे. घरी रोज सराव केलात की चित्रपटगृहात अंधारी येऊ लागताच ते आपोआप आठवेल. त्यानेही भागले नाही तर डोके खाली आणि पाय वर होतील असे आडवे व्हावे. उभ्याने बाहेर पळू नये, कारण पायऱ्यांवर पडून इजा होते. अंधारी सिनेमाशिवाय एरवीही येत असेल, छातीत धडधडत असेल, किंवा आवळण्याने त्रास होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता मित्रांच्या वाक्याकडे येते. 'पिक्चरच तं आहे' हे वाक्य फार जुने आहे, आणि त्याला मिळालेले उत्तरही जुने आहे. ज्यांचे मूळ गाव विदर्भातील पद्मपूर, आणि जे पद्मपूर अनेक अभ्यासकांच्या मते आज गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ आहे, त्या संस्कृत नाटककार भवभूतींच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रे पाहत असतात. शूर्पणखेचे चित्र समोर येताच सीता घाबरते. राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. सीता म्हणते, असेना का, दुष्ट माणूस त्रास देतोच. आणि पुढे जनस्थानातील चित्र पाहताना तिला समजावणाऱ्या रामाच्याच डोळ्यांतून पाणी येते. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या आपल्या प्रदेशातील कवीला हे ठाऊक होते की चित्र आहे हे कळणे आणि चित्राने दुखावणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. तो सीतेला हसत नाही. त्या अंकात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच गोष्ट.

याच कवीच्या लेखनातून पुढचा मुद्दाही निघतो. युद्ध, राज्याचा नाश, मृत्यू आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, सांगाव्यात, असा भरताच्या नाट्यशास्त्राचा संकेत आहे. भवभूतींनी रामाचा मुलगा लव आणि लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू यांचे युद्ध असेच, आकाशातून पाहणाऱ्या विद्याधर जोडप्याच्या तोंडून ऐकवले आहे. पण म्हणून ते भयानकाला घाबरत होते असे नाही. 'मालतीमाधव' या त्यांच्याच नाटकात स्मशान आहे, भुते-पिशाच्चे आहेत, आणि चामुंडेपुढे बळी देण्यासाठी आणलेली मालती आहे. मात्र त्या प्रसंगात प्रेक्षकाला उभे केले आहे ते तिला सोडवायला धावणाऱ्या माधवाच्या बाजूला. म्हणजे प्रश्न हिंसा दाखवली की नाही एवढाच नसतो. आपल्याला कोणाच्या शेजारी उभे केले आहे, हा प्रश्न त्याहून मोठा असतो.

सिनेमा निवडताना तुम्ही हाच प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे. काही सिनेमांत कॅमेरा मार खाणाऱ्याजवळ थांबतो. त्याचा श्वास, त्याची लाज, त्याच्या घरातील माणसे आपल्याला दिसतात, आणि मारणे संपल्यावरही कथा त्याला सोडून जात नाही. काही सिनेमांत कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यावर बसतो, पार्श्वसंगीत चढते, चाल संथ होते, आणि मार खाणारा कोण होता हे पुढच्या दृश्यात कोणाला आठवतही नाही. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत जे घडले, तसे अत्याचार दाखवणारा प्रामाणिक सिनेमा पहिल्या प्रकारचा असेल, तर तो पाहणे कठीण असूनही मोलाचे आहे, आणि ज्याला ते पाहताना त्रास होतो तोच त्याचा खरा प्रेक्षक आहे. दुसऱ्या प्रकारचा सिनेमा तुम्ही पाहिला नाहीत तर तुमचे काहीही बुडत नाही. तो पाहताना तुमचे मन दुखावले, यात मनाचा दोष मला मुळीच दिसत नाही. ते आपले काम नीट करत होते.

म्हणून मन घट्ट करण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. तसे करता येत नाही असे नाही. तशी दृश्ये पुन्हा पुन्हा पाहिली तर शरीर हळूहळू प्रतिक्रिया देणे कमी करते, ही जाणलेली गोष्ट आहे, आणि तुमच्या मित्रांपैकी काहींचे तसेच झाले असावे, कारण मोबाइलवर रोज अपघातांच्या आणि मारहाणीच्या खऱ्या चित्रफितीही फिरत असतात. पण बोथट झालेले मन फक्त सिनेमापुरते बोथट राहील याची हमी कोणी द्यावी? गावात कोणाचे जनावर अडले की लोक तुम्हाला हाक मारतात. ज्या जाणिवेमुळे तुम्ही त्या हाकेला धावता, तिलाच मारून टाकायला तुम्ही निघाला आहात. तेवढी किंमत एका शुक्रवारच्या सिनेमासाठी मोजू नये.

सिनेमा सोडून देण्याचीही गरज नाही. गरज आहे ती आधी चौकशी करण्याची. आपल्याकडे १९५२ च्या चलचित्र कायद्याखाली प्रमाणपत्रे दिली जातात. 'यू' सर्वांसाठी, 'ए' फक्त अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी, आणि १९८३ पासून मधली 'यूए' श्रेणी आहे. २०२३ च्या दुरुस्तीने या मधल्या श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले. 'यूए १६+' असे लिहिले असेल तर मारहाण बरीच असण्याची शक्यता गृहीत धरावी. हे अक्षर जाहिरातीत आणि तिकिटाच्या अ‍ॅपवर दिसते. सिनेमा सुरू होताना पडद्यावर येते, पण तोवर पैसे दिलेले असतात. मोबाइलवरील ओटीटी सेवांना २०२१ च्या नियमांनुसार वयाची श्रेणी आणि त्यासोबत हिंसा, शिवीगाळ अशी आशयाची सूचनाही दाखवावी लागते. ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि लगेच जाते, तेव्हा सुरुवातीलाच थांबवून वाचावी. झलकेवर (ट्रेलरवर) विसंबू नये. तिचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि सिनेमातील सर्वांत कठोर दृश्ये तिच्यात बहुधा नसतातच.

अक्षरापेक्षाही पाहून आलेल्या माणसाला नेमके विचारणे अधिक उपयोगाचे आहे. 'कसा आहे?' असे विचारले तर 'एक नंबर' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी कोणाला बांधून मारले आहे का, लहान मुलाला किंवा जनावराला इजा करताना दाखवली आहे का, कोणी जीव देतो का, आणि हे मध्यंतराच्या आधी की नंतर, असे विचारा. शेवट आधी कळला तर मजा जाते असे लोक म्हणतात. तुमच्यासारख्या प्रेक्षकाची मजा उलट वाढते, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे या धास्तीत तो अर्धा सिनेमा पाहतच नाही.

पुतण्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे आणि मला ते वाक्य पत्रातील सर्वांत गंभीर वाटले. 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला नऊ वर्षांच्या मुलाला आत सोडणे कायद्याने मना आहे; घरची मोठी माणसे सोबत असली तरी ती मुभा मिळत नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी दारावर कोणी वय विचारत नाही म्हणून ही जबाबदारी संपत नाही, ती मोठ्यांवर येऊन पडते. तो मुलगा काही बोलला नसेल. या वयाची मुले मोठ्यांसमोर हसून वेळ मारून नेतात आणि मग अंधारात एकटी अंगणात जायला नकार देतात, अंथरूण ओले करतात किंवा शाळेत तीच मारहाण खेळून दाखवतात. त्याला एकदा शेतात सोबत न्या आणि सहज विचारा की त्या सिनेमातले काय आठवते. मलाही ते पाहवले नाही, म्हणून मी बाहेर गेलो, हे तुम्ही त्याला स्वतः सांगा. घाबरणे लपवावे लागत नाही, हे त्याला कोणीतरी मोठ्या पुरुषाने सांगायला हवे, आणि त्या घरात ते सांगू शकणारे तुम्हीच आहात. तुमच्या भावालाही हे शांतपणे सांगा.

चित्रपटगृहात बसताना कडेची आणि मागची खुर्ची घ्या. पडदा जितका दूर, तितका तो नजर कमी व्यापतो, आणि उठून जाताना कोणाचे पाय तुडवावे लागत नाहीत. कठीण दृश्य येऊ लागले की लोक डोळे मिटतात आणि तेथेच चूक होते, कारण कान उघडे राहतात आणि न दिसणारी गोष्ट मन स्वतःहून रंगवते. कान बंद करा. डोळे उघडे ठेवून पडद्याच्या कडेकडे किंवा बाहेर जाण्याच्या दारावरील दिव्याकडे पाहा. आवाज गेला की दृश्याची निम्मी पकड सुटते. पार्श्वसंगीत बदलले की पुढे काय येणार हे तुमच्यासारख्या कान देऊन ऐकणाऱ्याला आधीच कळते, तेव्हा तो इशारा वाया घालवू नका. तेवढ्यानेही भागत नसेल तर, अंधारी येत नसताना, उठून बाहेर जा, पाणी प्या, आणि जावेसे वाटले तरच परत आत जा. त्या दिवशी ते दृश्य पाहायचे नाही असे तुम्ही ठरवलेत ते योग्यच केलेत, फक्त अंधारी ओसरेपर्यंत थांबायला हवे होते.

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येताना समोरच्या पडद्यावर मोठ्या आवाजात लावलेल्या मारधाडीचे काय करावे, असे अनेक वाचक विचारतात, म्हणून येथेच लिहिते : बस थांबली असताना चालकाला किंवा सोबतच्या माणसाला आवाज बंद करण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. बसमधील निम्मे प्रवासी मनातून तुमचे आभार मानतील.

रात्री येणाऱ्या दृश्यांबद्दल एक खात्रीची माहिती देते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना जखमा आणि मृत्यू असलेली दृश्ये दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळे बसवण्याचा खेळ दहा मिनिटे खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात ती दृश्ये अवचित डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण खेळणाऱ्यांत कमी आढळले. सिनेमात काय घडले ते मात्र त्यांना नीट आठवत होते. नंतरच्या प्रयोगात शब्दांच्या प्रश्नमंजुषेचा तसा उपयोग झाला नाही. नजर आणि हात एकाच वेळी गुंतवणारे काम मनातील चित्र पक्के होऊ देत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. तेव्हा असा सिनेमा पाहून घरी आलात की मोबाइलवरील चित्रफिती पाहत अंथरुणात पडू नका. ठोकळ्यांचा खेळ खेळा, किंवा दोर वळणे, फवारणीच्या पंपाचे सुटे भाग जोडणे असे काहीतरी थोडा वेळ करा, आणि मग झोपा.

आता काकांविषयी. हा भाग मी सिनेमाच्या त्रासात मोजत नाही आणि तुम्हीही मोजू नका. खांबाला बांधलेला माणूस पाहून तुम्हाला जे झाले ते एक, आणि त्या दुसऱ्या दृश्याने जे झाले ते वेगळे. ते दुःख आहे, आणि बहुधा न बोललेले दुःख आहे. आपल्या भागात घरातील कर्ता माणूस असा गेला की पहिले काही महिने घरात सातबारा, कर्ज, पंचनामा आणि प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र एवढ्याच गोष्टींची चर्चा होते. कागद संपले की चर्चाही संपते. गेलेला माणूस कसा हसायचा, त्याला काय आवडायचे, शेवटच्या दिवसांत आपल्याला काही लक्षात आले होते का, हे बोलायला कोणी उरत नाही. तुमच्या घरी असे झाले असेल तर काकूंजवळ जाऊन बसा आणि काकांचा विषय तुम्ही काढा. त्यांना दुखावेल असे वाटून सगळे गप्प असतात आणि त्या मात्र कोणी नाव तरी घेईल का याची वाट पाहत असतात, असे मी अनेक पत्रांतून वाचले आहे.

काकांची आठवण रोज झोप मोडत असेल, 'मी तेव्हा थांबवू शकलो असतो' हा विचार पाठ सोडत नसेल, शेतात किंवा घरात एखाद्या जागी जाणे तुम्ही टाळू लागला असाल, किंवा जगणे नकोसे वाटल्याचा विचार एकदाही आला असेल, तर वाट पाहू नका. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. सोबत भावाला न्या. आणि आत्महत्येचे प्रसंग असलेले सिनेमे, ते शेतकऱ्यांच्या कळवळ्याने काढलेले असले तरी, सध्या पाहू नका. तो विषय तुम्ही घरात अनुभवला आहे. तो समजून घेण्यासाठी तुम्हाला तिकीट काढण्याचे कर्तव्य नाही.

मित्रांशी वाद घालण्यात अर्थ नाही आणि लपवण्यातही नाही. पुढच्या वेळी जाण्याचे ठरेल तेव्हा, चित्रपटगृहात नव्हे तर आधीच गावात, त्यांच्याच बोलीत सांगा : 'गड्याहो, मारामारी चालते, पण कोणाले बांधून मारतेत ते मले पाहवत नाही. तेवढ्यापुरता मी बाहेर येईन, तुम्ही पाहा.' स्वतः आधी आणि न लाजता सांगितलेल्या गोष्टीवरून फार दिवस चिडवता येत नाही. त्यातला एखादा तुम्हाला एकटे गाठून म्हणेल की मलाही तसेच होते. तसे झाले तर त्याला दुसऱ्यांसमोर उघडे पाडू नका.

होणाऱ्या पत्नीला लग्नाआधी सांगा, आणि मोघम नको. 'मला सिनेमा आवडत नाही' असे सांगितलेत तर ते खोटे ठरेल आणि तिचा विनाकारण हिरमोड होईल. कोणत्या प्रकारचे दृश्य पाहवत नाही, तेव्हा शरीराला काय होते, आणि काकांच्या जाण्याशी त्यातला कोणता भाग जोडलेला आहे, या तिन्ही गोष्टी सांगा. लग्नानंतर ती काही सिनेमे मैत्रिणींसोबत किंवा तिच्या भावासोबत पाहील आणि काही तुमच्यासोबत. यात कमीपणा कोणालाच नाही. कदाचित तीच आधी पाहून तुम्हाला सांगेल की पाहण्यासारखा आहे की नाही. दिवाळीनंतर तिला झाडीपट्टीचे नाटकही दाखवा. वडसा परिसरातील मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत हिवाळाभर रात्र-रात्र प्रयोग करतात, आणि त्या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली आहे. तेथे खलनायक असतो, मारामारी असते, आणि प्रेक्षक उघडपणे रडतात. पण मार खाणारा नट पुढच्या प्रवेशात तुमच्या डोळ्यांसमोर चालत येतो, आणि हातभर अंतरावरून त्याचा चेहरा तुमच्यावर कोणी लादत नाही. तुम्हाला ते मानवेल असे वाटते. तिच्याशी बोलण्यासाठी मात्र दिवाळीची वाट पाहू नका; पुढच्या फोनवरच बोला, आणि तिला काय पाहवत नाही हेही विचारा.